लाल धाग्याची बाटली

१

माझ्या सासूबाईंना राग येत नाही. सगळं गाव हे कौतुकानं सांगतं. मी कौतुकानं सांगत नाहीये.

लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. पहिल्याच आठवड्यात वितेनिसनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, चिखलाचे बूट घालून नुकत्याच पुसलेल्या जमिनीवरून तीन फेऱ्या मारल्या. सासूबाई, म्हणजे ब्रोनेआई, हसल्या आणि पुन्हा फडकं घेऊन बसल्या. चुलतसासरे जेरोनिमासकाका रोज जेवायला यायचे आणि रोज सूपला नावं ठेवायचे. ब्रोनेआई हसायच्या आणि पुन्हा वाढायच्या. एकदा कढत किटली त्यांच्या हातावर कलंडली. त्यांनी आधी किटली सरळ केली, मग हाताकडे पाहिलं, मग हसल्या. दारावर नावाची पाटी असते ना, तसं ते हसू होतं. आत कुणी असो नसो, पाटी आपली तिथेच.

"आमच्या घरातल्या बायका म्हणजे थंड पाणी," काका मिशा पुसत म्हणायचे. "राग सगळा बीअरमध्ये. म्हणून तर आमची बीअर चावते. काय गं ब्रोने?"

"हो ना," ब्रोनेआई म्हणायच्या.

मला वाटायचं, ही म्हणायची पद्धत असेल. बिर्झाईच्या बाजूला घरोघर बीअर करतात, आणि घरागणिक तिच्याबद्दल एक फुशारकी असते. आमची ही.

मी स्वतः कमी बोलते. माझा धंदा ऐकण्याचा. मांडीवर घेऊन छेडायचं आमचं तारवाद्य, कांक्लेस, मी मुलांना शिकवते. दहा मुलांच्या दहा वाद्यांतून कुणाची कुठली तार उतरली आहे ते मला खोलीच्या दाराबाहेरून सांगता येतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या. मला भास होतात असं वितेनिस आता सगळ्यांना सांगत फिरतो.

२

बीअर करायचा दिवस शनिवार, सप्टेंबरअखेरचा. आदल्या रात्री आम्ही मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ भिजवून त्याचे मोठाले रोट भट्टीत घातले होते. सकाळी काढले तेव्हा कडा कोळशासारख्या आणि आत तांबूस. ते फोडून लाकडी पिंपात टाकायचे, वर कढत पाणी. पिंपाच्या तळाशी पेंढा असतो, त्यातून गाळून गोड तपकिरी रस खाली येतो. हॉप्सच्या कडू फुलांचा काढा वेगळा उकळून त्यात मिसळायचा. मला ते सगळं आवडलं होतं, हेही सांगून टाकते. बाह्या कोपरापर्यंत सारून आम्ही दोघी सासू-सुना कामाला लागलो होतो, आणि शेडभर भाजक्या पावाचा वास होता.

अकरा वाजता फोन आला. पानेवेझिस शहरातल्या संगीतशाळेच्या मुख्याध्यापक बाईंचा.

"रुस्ने, तुमच्या यजमानांनी कळवलं, तुम्ही येणार नाही म्हणून. वाईट वाटलं. तरी ऑक्टोबरअखेरपर्यंत मी जागा भरत नाही. अजून विचार करा."

ही जागा मिळवायला मला दोन वर्षं लागली होती. लग्नाआधी ठरलं होतं, सुगी आटोपली की आम्ही दोघं शहरात राहायला जायचं. वितेनिसनंच ठरवलं होतं, माझा हात हातात घेऊन.

मी अंगणात गेले. तो लाकडं फोडत होता.

"तू शाळेला नाही म्हणून कळवलंस?"

"मागच्या आठवड्यातच. सांगायचं राहिलं बघ."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? आई एकटी, गायी आहेत. आणि तू कुठे कशाला नाही म्हणतेस?" त्यानं पुढचा ओंडका उभा केला. "जा, रस कोमट झाला असेल. आज तुझा मान आहे."

तो मान काय होता ते ऐका. त्या घरचं विरजण, म्हणजे यीस्ट, पिढ्यान् पिढ्या तेच. बरणी विहिरीत दोरीला टांगलेली असते. रस कोमट झाला की नव्या सुनेनं ते पिंपात ओतायचं, आणि ओतताना पिंपात तोंड घालून ओरडायचं. शिव्या द्यायच्या, भांडायचं, पोटात असेल ते सगळं काढायचं. त्याशिवाय यीस्ट जागं होत नाही म्हणतात. गावात इतर घरांतही ओरडतात, पण हसत, कुणीही ओरडतं. त्या घरात फक्त सून, आणि एकदाच. तिनं जागवलेलं विरजण पुढची सून येईपर्यंत पुरतं.

काका आधीच स्टूल ओढून बसले होते. "हिला आवाज तरी आहे का? सूनबाई, यीस्ट आहे ते, तान्हं बाळ नव्हे. अंगाई म्हणू नकोस!"

वितेनिस हसला. दारात उभा राहून, हात पुसत, मोठ्यानं हसला.

मी बरणी ओतली. पिंपात वाकले. पहिल्यांदा हळूच म्हणाले, "मला विचारलंस?" मग पुन्हा. मग कसं झालं कळलं नाही, पण मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी. घसा फाटेपर्यंत. काय काय म्हणाले ते आठवत नाही. शेवटी तेच म्हणाले एवढं आठवतं.

पिंपात ओरडलं की आवाज घुमतो. विहिरीत घुमतो, घागरीत घुमतो, हे पोरालाही माहीत असतं. त्या पिंपातून काही परत आलं नाही. शब्द तोंडाबाहेर पडला की संपत होता. आणि रसाचा वरचा भाग मधोमध आत ओढला गेला होता. घोट घेताना गालाला खळगा पडतो, तसा.

"वा!" काका म्हणाले. "ही चावणार!"

ब्रोनेआईंनी पिंपावर झाकण ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. चेहरा हसत होता.

३

दुपारी जेवताना मी वितेनिसच्या ताटात उकडलेल्या बटाट्यांवर मलई वाढली. वाढून झाल्यावर लक्षात आलं की मी वाढली. रागानं वाढली असती तरी चाललं असतं. पण मला राग नव्हता.

दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या जागी जाते, तशी मी आत जाऊन चाचपत राहिले. त्यानं मला न विचारता माझी नोकरी सोडून टाकली. हो, टाकली. मग? खिडकीबाहेर बदकं चालली होती. छान होती.

मनाला समजावलं, ओरडून मोकळं झालं, दुसरं काय. चांगलंच की. डॉक्टरसुद्धा हेच सांगतात.

आठवड्यानं मुख्याध्यापक बाईंचा पुन्हा फोन आला. "काय ठरलं?" माझ्या तोंडून निघालं, "कशाला?" आणि स्वयंपाकघरात ब्रोनेआई त्याच क्षणी कुणाला तरी म्हणाल्या, "कशाला?" तोच सूर. तंतोतंत तोच, एक केसही इकडे तिकडे नाही. मी फोन ठेवला. अंगावर काटा यायला हवा होता, पण काटा यायलाही थोडा राग लागतो. तोही नव्हता.

मी त्या दिवशी एका वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: *तुला राग आला होता. तुला जायचं होतं.* दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा वाटलं, कुणाची आहे ही वही?

४

दहा दिवसांनी पिंप शांत झालं आणि आम्ही बाटल्या भरायला बसलो. रबरी नळी, धुतलेल्या बाटल्या, बुचं ठोकायला लाकडी हातोडी. सगळ्यात पहिली बाटली सुनेची. दुधावर साय धरते, तसं सगळं दाट त्या पहिल्या बाटलीत येतं, असं त्यांचं म्हणणं. ती प्यायची नसते. बुचावर मेण, गळ्याला सुनेच्या लग्नातल्या कमरपट्ट्याचा धागा, आणि तळघरात वाळूत उभी पुरायची. बाकीच्या बाटल्या पुरुषांना.

माझ्या पट्ट्याचा धागा लाल होता. तळघरात आधीच्या चार बाटल्या होत्या. शेवटची निळ्या धाग्याची, ब्रोनेआईंची. काच काळवंडलेली, बुडाशी गाळ.

"मेणबत्ती वरच राहिली," ब्रोनेआई म्हणाल्या. "आण जरा, पोरी. धागा मी बांधते."

मी वर जाऊन मेणबत्ती घेऊन आले. लाल धागा बांधून झाला होता, गाठ पक्की होती. ब्रोनेआई हातांवरची वाळू झटकत होत्या. त्यांच्यासारख्या हळू बाईला धाप लागलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"मेण?" मी विचारलं.

"होतं थोडं खिशात," त्या म्हणाल्या. मग मेणबत्ती कशाला मागवली, हे विचारावंसं मला वाटलं नाही. मला तेव्हा काहीच विचारावंसं वाटत नव्हतं.

जिना चढताना मी थांबले. खालून आवाज येत होता. वाऱ्यानं फटीत शीळ वाजते तसा, पण बारीक, आणि पाच सुरांचा. बाटलीत उरलेलं यीस्ट हवा सोडतं, काच गुणगुणते, हे मला माहीत आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकून मी मुलांना सूर शिकवलेत. पण काच श्वास घ्यायला थांबत नाही. हे थांबत होते. पाचही वेगवेगळ्या जागी थांबत होते, भांडताना माणूस थांबतं तसे.

"पाण्याच्या पाइपचा आवाज तो," ब्रोनेआई मागून म्हणाल्या.

त्या घरात पाइप नाहीत. विहीर आहे.

५

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी पुरुषांनी नवी बीअर उघडली. काका, वितेनिस आणि दोन शेजारी. धुरावलेलं मांस, काळा पाव, चीज. काकांनी पहिला ग्लास एका दमात रिता केला, मिशा पुसल्या, म्हणाले, "चावते!" तेवढ्यात वितेनिसनं त्यांच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलला. नेहमी उचलतो.

काकांनी टेबलावर मूठ आपटली. ग्लास उडाले.

"मला विचारलंस?"

काका स्वतःच दचकले होते. ते बोलले होते त्यांच्याच घोगऱ्या आवाजात, पण 'मला'वरची ती ओढ, 'विचारलंस' म्हणताना शेवटी तुटणारा तो सूर! आपला सूर आपल्याला ओळखता येतो. पिंपात टाकला होता तो, मी.

मग काका खो खो हसले. "च्यायला! काय चावते रे ही!" सगळे हसले. ग्लास पुन्हा भरले.

मी भांडी घेऊन आत गेले. ब्रोनेआई मोरीशी उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांच्या वाट्याला थेंब थेंब येतं. गंमत वाटते त्यांना."

"आई," मी म्हणाले, "आणि पहिली बाटली?"

"ती कुणी पीत नाही."

"प्यायली तर?"

त्यांनी एक ताट पुसलं. पुसून झालेलं पुन्हा पुसलं. "तळघराची किल्ली दाराच्या वरच्या खिळ्याला असते," त्या म्हणाल्या.

६

पुढचा रविवार हा महिन्यातला शेवटचा. सोमवारी जागा भरणार होती. मला जायची इच्छा नव्हती. फक्त वहीत तसं लिहिलेलं होतं, रोज वाचायचं म्हणून वाचत होते. कुणा दुसरीचं काम उरकून द्यावं, तशी मी भर दुपारी खाली उतरले. वर पुरुष जेवत होते.

लाल धाग्याची बाटली वाळूतून उपसली. मेण खरवडलं. बूच काळं पडलेलं होतं आणि बोट लावताच भुसा झालं. तीन आठवड्यांचं बूच. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी नाक मुरडून पहिला घोट घेतला. ना फेस, ना गोडवा. शिळा, शिरक्यासारखा आंबट, गंजलेल्या लोखंडाचा. माझी बीअर अशी असणं शक्य नव्हतं.

दुसरा घोट मी घेतला नाही. तो घेतला गेला. बाटली रिकामी होईपर्यंत.

मग तो आला.

राग म्हणजे काय ते मला माहीत होतं असं मला वाटायचं. माझा राग नोकरीचा, दोन वर्षांच्या खटपटीचा. हा पायाच्या नखापासून वर आला, आणि इतका जुना होता की त्याला ऊब नव्हती. मी जिना चढले. चढत होते की चढवली जात होते, देव जाणे. जेवणघराच्या दारात उभी राहिले आणि तोंड उघडलं.

"फेलिक्सास!"

फेलिक्सास माझे सासरे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

"फेलिक्सास, पोर तापानं फणफणलीये! ट्रकची किल्ली तुझ्या खिशात आहे. उठ! पाहुण्यांचा ग्लास संपू दे म्हणतोस? तीनदा आले मी सांगायला, तीनदा म्हणालास! डोळे फिरवले रे तिनं! माझी ओनुते निळी पडली आणि तू अजून ओततोयस! ओत! सगळ्यांना ओत! बस झालं का पिऊन?"

वितेनिस पांढराफटक पडला. "ओनुते कोण?" तो म्हणाला. "काका, ओनुते कोण?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. ठेवताना तो टेबलाच्या कडेवरून पडला, पण त्यांनी पाहिलंही नाही. त्या दिवशीच्या पाहुण्यांतले ते एक होते. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

आणि त्यांच्या मागे, चुलीपाशी, ब्रोनेआई उभ्या होत्या. हातात डाव. चेहऱ्यावर तेच हसू, पाटीसारखं. पण हसणारे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. मी बोलत होते तेच शब्द.

माझ्या मागोमाग हलत असते तर मी काहीतरी समजूत काढली असती. ते माझ्या अर्धा शब्द आधी हलत होते.

७

चार वाजता बस होती. वितेनिसनं दार अडवलं. "तू आजारी आहेस, रुस्ने. झोप जरा. उद्या बोलू."

"ग्लास संपू दे, मग बोलू, हेच ना?" मी म्हणाले, आणि तो बाजूला झाला. आपण का बाजूला झालो हे त्याला अजून कळलेलं नाही.

फाटकापर्यंत ब्रोनेआई आल्या. पाव फडक्यात बांधून आणला होता.

"धागे तुम्ही बदललेत," मी म्हणाले.

"हो."

"का?"

"छत्तीस वर्षं ते तळघरात बसलंय, पोरी. नवी सून म्हणून माझ्या तोंडून आवाजच फुटला नव्हता; पिंपात ओरडले ती ओनुते गेल्यावर. त्याला या घरातून बाहेर जायचं होतं. मी प्यायले असते तर कुठे गेले असते मी? या वयात? आणि मला प्यावंसंच वाटायचं नाही. कशाला, असं वाटायचं." त्यांनी फडक्याची गाठ घट्ट केली. "तुला पाय आहेत. आणि तुझं म्हणशील तर, तुझ्या रागानं तू रडत बसली असतीस. तो लहान आहे अजून."

मला न विचारता! नवऱ्यानं विचारलं नाही, हिनंही विचारलं नाही! मला तिच्यावर संतापायचं होतं. संतापले नाही. माझ्यात जो राग होता तो तिचाच होता, आणि पाळलेलं कुत्रं मालकिणीला चावत नाही.

८

मी आता पानेवेझिसला शिकवते. मुलं मला घाबरतात. वाद्यं मात्र कधी नव्हे इतकी सुरात असतात. भाड्याची खोली आहे, एक खिडकी, एक टेबल. शेजारचे पाहुण्यांना थांबवून घेतात, "अजून एक ग्लास घ्या" म्हणतात, तेव्हा मी भिंतीवर मूठ आपटते. एका मुलीला शाळेत ताप भरला तर मी तिला उचलून दवाखान्यापर्यंत पळत नेलं. तिची आई म्हणाली, साधी सर्दी आहे हो बाई. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

वितेनिसचा विचार करते तेव्हा काही वाटत नाही. बदकं आठवतात.

मागच्या शुक्रवारी बसचा ड्रायव्हर एक पुडकं देऊन गेला. टॉवेलात गुंडाळलेली बाटली. गळ्याला निळा धागा. सोबत एक चिठ्ठी, ब्रोनेआईंच्या गोल अक्षरात: *ही तुझी. वाळूत राहीना. उघडायची की नाही ते तू ठरव.*

मी बाटली खिडकीत ठेवली. नवी स्वच्छ काच, बुचावर पिवळं मेण. ऊन आलं की आत तांबूस दिसतं. छान दिसतं.

ती उघडली तर आतल्याला जागा कुठे देऊ? दोघींचे राग कसे राहतील एका घशात? आणि खरं सांगायचं तर हा मोठा राग मला सोडवत नाही. यानंच मला दारातून बाहेर काढलं. त्या लहान रागाला मी तिथे सोडून आले, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी ती नुसती गुणगुणत होती. माझाच सूर, ओळखता येईल असा. दुसऱ्या दिवशी मधे मधे थांबायला लागली. काल मी मुलांच्या वह्या तपासत बसले होते तेव्हा मेणाला तडा गेला. बूच मोजून एक बोट वर आलंय. मी अंगठ्यानं दाबलं. खालून कुणी तरी तितक्याच जोरानं वर दाबलं.

आता शब्द ऐकू येतात. मला वाटलं होतं, वितेनिसचं नाव घेईल. भांडण त्याच्याशी होतं. पण ती खिडकीत आहे, खोलीत मी एकटी आहे, आणि ती माझं नाव घेते.

"रुस्ने," ती म्हणते. 'मला'वर तीच ओढ, शेवटी तोच तुटणारा सूर. "दुसरीचा राग घेऊन निघालीस. मला विचारलंस?"